नाकातल्या गाठीचं नाव कळेपर्यंत

दादाचे उपचार मे महिन्यात संपले. किमोथेरपी आणि रेडिएशनबद्दल डॉक्टर नीट समजावतात, माहितीपत्रकं देतात, वॉर्डात शेजारच्या खाटेवरची माणसंही सांगतात. त्याआधीच्या काळाबद्दल मात्र कुणी सांगत नाही. आजार वाढत होता, रिपोर्ट मागून रिपोर्ट येत होते आणि एकाही कागदावर त्याचं नाव नव्हतं, त्या पाच महिन्यांबद्दल मला लिहायचं आहे. दादाला जे झालं त्याला एक्स्ट्रानोडल एनके/टी-सेल लिम्फोमा म्हणतात. लसीका पेशींचा, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, हा दुर्मीळ कर्करोग बहुतेकदा नाकात सुरू होतो. मी डॉक्टर नाही. दादाची फाइल सांभाळायचं काम माझ्याकडे होतं आणि वहिनी दादाला सांभाळत होती, म्हणून हे सगळं कागदांच्या बाजूने लिहिते आहे.

सुरुवात जुलैत झाली. नाक चोंदलेलं, तेही फक्त डावं. सकाळी शिंकरलं की घट्ट, जराशा रक्ताची शेंबडी गाठ पडायची. नेहमीच्या डॉक्टरांनी प्रतिजैविकं आणि नाकात मारायचा स्प्रे दिला. त्यात काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. नाक चोंदलेल्या शंभर माणसांना हेच द्यायला हवं. एक गोष्ट मात्र तेव्हापासून लक्षात ठेवली आहे. सर्दी आणि ॲलर्जी बहुधा दोन्ही नाकपुड्यांना त्रास देतात. त्रास एकाच बाजूला असेल, तो हटत नसेल आणि त्यात रक्त असेल, तर दुर्बिणीतून नाक बघून घ्यायला उशीर करू नये.

ऑगस्टमध्ये ईएनटी डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. आत खपल्याच खपल्या होत्या, खालची त्वचा सुजलेली. सायनसचा जुना दाह समजून त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स दिला आणि दादाला खरंच बरं वाटलं. नाक मोकळं झालं, गालाची सूज उतरली, वास येऊ लागला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. गोळ्या संपल्यावर जेमतेम आठवडाभरात सगळं परत आलं, आधीपेक्षा जोरात. पुढे रक्तविकारतज्ज्ञांनी याचा अर्थ सांगितला: स्टेरॉइड साध्या सुजेवर चालतं, तसंच लसीका पेशींवरही काही काळ चालतं. म्हणजे त्या गोळ्यांनी बरं वाटलं यावरून आजार साधा आहे असं ठरत नाही. वर त्या चालू असताना किंवा नुकत्या संपलेल्या असताना काढलेल्या तुकड्यात नेमक्या रोगाच्या पेशी कमी दिसू शकतात. बायोप्सीच्या आधी कुणी विचारो न विचारो, स्टेरॉइड कधी घेतलं आणि कधी थांबवलं, या दोन तारखा डॉक्टरांच्या कानावर घालाव्यात.

सप्टेंबरमध्ये सीटी स्कॅन झाला. डाव्या बाजूच्या पोकळ्या भरलेल्या आणि एके ठिकाणी हाडाचा पातळ पापुद्रा झिजल्यासारखा. हाड झिजलंय म्हटल्यावर डॉक्टरांनी तुकडा काढायचं ठरवलं. नाक बधिर करून, बाह्यरुग्ण विभागातच, पंधरा-वीस मिनिटांत ते झालं. तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मॅलिन या द्रावणाच्या बाटलीवर नाव, सोबत एक फॉर्म. त्या फॉर्मवर रुग्णाची माहिती लिहायला तीन ओळींची जागा होती आणि तिथे घाईघाईने दोन शब्द लिहिले गेले: 'नेझल मास', म्हणजे नाकातली गाठ. तो फॉर्म लॅबच्या खिडकीत मीच दिला. त्या दोन शब्दांवर पुढचं किती अवलंबून आहे, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक असायचं कारण नव्हतं.

रिपोर्ट आला. मृत पेशी, दाहाच्या पेशी, बुरशी दिसत नाही, क्षयाच्या गाठी दिसत नाहीत, कर्करोग दिसत नाही. शेवटच्या ओळीत 'लक्षणांशी ताडून पाहावे' असं लिहिलेलं होतं. आम्ही 'कर्करोग दिसत नाही' एवढंच वाचलं. वहिनी त्या रात्री कित्येक दिवसांनी शांत झोपली.

पण दादा बरा होईना. ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी ताप यायला लागला. रात्री उशी घामाने भिजायची. नाकाला दुर्गंधी येऊ लागली आणि दादा स्वतःच घरातल्यांपासून लांब बसायला लागला. ते पाहणं तापापेक्षाही जड गेलं. डाव्या डोळ्याखाली सूज आली. मग एके दिवशी टाळूवर काळपट डाग दिसला आणि रातोरात भरती करावं लागलं. डॉक्टरांना म्युकरमायकोसिसची शंका होती. ही बुरशी असेल तर तासातासाला महत्त्व असतं, म्हणून त्यांनी थांबून वाट पाहिली नाही, हे योग्यच केलं. तिथे काढलेल्या नमुन्यात बुरशी सापडली नाही. मग एएनसीए नावाची रक्तचाचणी झाली, कारण ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस या रक्तवाहिन्यांच्या आजारातही नाकाचा पडदा असाच झिजतो. ती निगेटिव्ह. क्षयाच्या चाचण्या, निगेटिव्ह. सिफिलिसची, एचआयव्हीची, निगेटिव्ह. नशेची पूड नाकातून ओढली का, असंही एका तरुण डॉक्टरने दादाला हळूच बाजूला घेऊन विचारलं. दादा दुखावला. पण तो प्रश्नही यादीतलाच असतो. कोकेनने नाकाचा मधला भाग अगदी असाच पोखरला जातो. तुमच्या माणसाला कुणी हे विचारलं तर तो संशय समजू नका, उत्तर द्या आणि पुढे चला.

या टप्प्यावर माणूस खचतो. प्रत्येक निगेटिव्ह रिपोर्टला लोक म्हणतात, "चला, हेही नाही, बरं झालं." आपल्याला मात्र कळत असतं की काहीतरी आहे आणि ते वाढतंय. दादा एकदा म्हणाला, "अगं, काहीतरी वाईट असू दे, पण ते काय आहे ते सांगा म्हणावं." खर्चही याच काळात नकळत वाढतो. एकेक चाचणी परवडते, पण डॉक्टर बदलला की निम्म्या चाचण्या पुन्हा सांगितल्या जातात, कारण जुने रिपोर्ट अर्धवट असतात किंवा स्कॅनची नुसती प्रिंट असते, सीडी नसते. मी फाइलच्या पहिल्या पानावर एक तक्ता केला: तारीख, कुठली तपासणी, निष्कर्ष एका ओळीत, तेव्हा कोणती औषधं चालू होती. स्कॅनच्या सीडी मागून घेतल्या. तो तक्ता पाहून पुढच्या प्रत्येक डॉक्टरने दोन मिनिटांत सगळं समजून घेतलं आणि काही तपासण्या रद्दही केल्या.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आम्ही दुसऱ्या ईएनटी सर्जनकडे गेलो. त्यांनी तक्ता वाचला, टाळू पाहिली, एमआरआय मागवला आणि म्हणाल्या, "पहिल्या तुकड्यात मेलेला भागच जास्त आला आहे. मेलेल्या भागाला आजार विचारून उपयोग नाही. मला कडेचा, जिवंत भाग हवा." मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. या प्रकारच्या लिम्फोमाच्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरतात आणि त्यांना नष्ट करतात. रक्त पोहोचलं नाही की भोवतालचा भाग मरतो, त्यावर खपली धरते, त्यात जंतू वाढतात, दुर्गंधी येते. वरवर चिमटा लावला की हातात ती खपली आणि दाह येतो. रोग त्याच्या खाली असतो. म्हणून या आजारात पहिल्या बायोप्सीत निदान न होणं वारंवार घडतं आणि पुन्हा तुकडा काढायला सांगितला तर आधीच्या डॉक्टरांनी हलगर्जी केली असं समजायचं कारण नाही.

लिम्फोमा हा शब्द आम्ही पहिल्यांदा त्या खोलीत ऐकला. वहिनीने माझा हात घट्ट धरला होता. दादा मात्र पुढे सरकून चित्र बघत होता.

दुसरी बायोप्सी संपूर्ण भूल देऊन झाली. भुलेआधी ईसीजी, रक्त गोठण्याच्या तपासण्या, भूलतज्ज्ञांची परवानगी, संमतीपत्र यात दोन दिवस गेले. विमा कंपनीच्या फॉर्मवर 'निदान' या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न आलाच. निदान नाही म्हणून तर शस्त्रक्रिया करायची होती. सर्जनबाईंनी 'नाकातील विनाशी व्रण, लिम्फोमाची शंका, निदानासाठी बायोप्सी आवश्यक' असं लेटरहेडवर लिहून दिलं आणि त्या पत्रावर मंजुरी मिळाली. रकाना रिकामा सोडला किंवा नुसतं 'सायनस' लिहिलं तर शंका काढून फॉर्म परत येतो. डॉक्टरांकडून असं पत्र आधीच मागून ठेवावं.

तुकडे वेगवेगळ्या जागांहून घेतले: व्रणाच्या कडेचे, पडद्यावरचे, टाळूच्या वरचे. बरेचसे फॉर्मॅलिनमध्ये गेले, थोडे सलाइनमध्ये, जंतू आणि बुरशीच्या कल्चरसाठी. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्यातून काहीच उगवत नाही. फॉर्मॅलिनमधला तुकडा सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी.

पहिला रिपोर्ट आठवड्याने आला: 'असामान्य लसीका पेशी, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करावी.' सगळे तिला आयएचसी म्हणतात. तिचा फॉर्म वेगळा, पैसे वेगळे, वाट पाहणंही वेगळं. पेशीच्या अंगावर कोणती प्रथिनं आहेत हे एकेक रंग टाकून बघतात, आणि पैसे त्या एकेका रंगाचे असतात. बी पेशींवरचं सीडी२० हे प्रथिन निगेटिव्ह, टी पेशींवरचं सीडी३ पॉझिटिव्ह असं आलं. म्हणजे बी पेशींचा लिम्फोमा नाही. त्यापुढचा सीडी५६ आणि 'एबर' नावाची चाचणी त्या लॅबमध्ये होत नव्हती. तपासणी अर्ध्यावर थांबली आणि रिपोर्टखाली लिहून आलं की पुढच्या तपासणीसाठी ब्लॉक दुसरीकडे न्यावा.

ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा. बोटाच्या दोन पेरांएवढी प्लास्टिकची चौकट, त्यात मेण, मेणात रोग. त्यातून केसाहून पातळ काप काढून काचेवर लावतात, ती स्लाइड. पुढच्या सगळ्या चाचण्या ब्लॉकवरच होतात, त्यामुळे नुसत्या स्लाइड नेऊन भागत नाही. ब्लॉक मिळवायला लेखी अर्ज, रुग्णाची सही, सही करायला तो येऊ शकत नसेल तर अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रं, मूळ पावती असं सगळं लागलं. लॅबमध्ये ब्लॉक शोधून द्यायला दोन दिवस लागतात, हे अर्ज दिल्यावर कळलं. मी तिथेच उभी राहून प्रत्येक ब्लॉकवर कोरलेला क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. पहिल्या बायोप्सीचे ब्लॉकही मागून आणले, ही सूचना सर्जनबाईंची. मेण उष्णतेने मऊ होतं, म्हणून उन्हात उभ्या गाडीत ब्लॉक ठेवू नयेत. मी ते पुड्यात गुंडाळून हातातच धरून नेले.

दुसऱ्या लॅबच्या खिडकीवर पुन्हा तोच फॉर्म होता, तीन ओळींची जागा असलेला. या वेळी सर्जनबाईंनी पानभर टिपण जोडलं होतं: जुलैपासून एकाच बाजूचा त्रास, स्टेरॉइडने तात्पुरता फरक, टाळूवर व्रण, ताप, घाम, वजन घटलं, एएनसीए निगेटिव्ह, बुरशी नाही, आधीच्या बायोप्सीत मृत भाग, एनके/टी-सेल लिम्फोमाची शंका, सीडी५६ आणि एबर करावे. सोबत माझा तक्ता आणि सीटी-एमआरआयचे रिपोर्ट. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे तुकडे तपासणाऱ्या डॉक्टर, स्वतः बाहेर आल्या. त्यांनी मला आत बोलावलं आणि आणखी काही प्रश्न विचारले. निघताना म्हणाल्या, "आम्ही रुग्ण बघत नाही. आमच्यापर्यंत तो फॉर्मवरून पोहोचतो. असं टिपण आलं की कुठे बघायचं ते कळतं."

हे सगळं लिहायला मी बसले ते या वाक्यासाठी. आपण समजतो की तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की जे असेल ते दिसेल. या आजारात तसं होत नाही. रोगाच्या पेशी कधी लहान असतात, दिसायला साध्या लसीका पेशींसारख्या, भोवती दाहाचा आणि मृत पेशींचा पसारा. शंका मनात ठेवून योग्य चाचणी केली तरच त्या हाती लागतात, आणि शंका यायला आजाराची हकीकत कळावी लागते. ती हकीकत तुकड्यासोबत जाते आहे ना, हे पाहणं आपल्या हातात आहे. बायोप्सीच्या आधी डॉक्टरांना विनंती करा की फॉर्मवर सविस्तर लिहा, नाहीतर त्यांच्या टिपणाची प्रत जोडा.

एबर चाचणी काय शोधते तेही पॅथॉलॉजिस्टनी सांगितलं. एबस्टाइन-बार नावाचा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात निद्रिस्त असतो आणि बहुतेकांना कधी काही करत नाही. या लिम्फोमाच्या पेशींमध्ये मात्र तो जवळजवळ नेहमीच सापडतो. एबर चाचणी पेशीच्या केंद्रात त्या विषाणूच्या खुणा शोधते. नाकातला असा विनाशी व्रण १८९७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेला होता आणि पुढे कित्येक दशकं त्याला 'लीथल मिडलाइन ग्रॅन्युलोमा' म्हणत, कारण तो जीवघेणा आहे एवढंच कळत होतं, कशाचा आहे ते कळत नव्हतं. या विषाणूशी त्याचा संबंध १९९० मध्ये दाखवला गेला. २००१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात 'एनके/टी-सेल लिम्फोमा, नेझल टाइप' असं नाव होतं आणि २०२२ च्या आवृत्तीत 'नेझल टाइप' हे शब्द गेले, कारण तो नाकाबाहेरही होतो. जुन्या-नव्या रिपोर्टांत नावं वेगळी दिसली तर गोंधळू नका. हा आजार पूर्व आशियात आणि मध्य-दक्षिण अमेरिकेत तुलनेने जास्त दिसतो. इतरत्र एखाद्या ईएनटी डॉक्टरच्या उभ्या कारकिर्दीत तो फार तर एक-दोनदा समोर येतो, असं आम्हाला सांगण्यात आलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल आला. सीडी५६ पॉझिटिव्ह, एबर पॉझिटिव्ह. निदान पक्कं. मी तो रिपोर्ट लॅबच्या जिन्यात वाचला आणि तिथेच बसले. रडू आलं, पण त्यात सुटकेचा भाग मोठा होता हे लपवणार नाही. दादाला फोनवर सांगायचं नव्हतं, म्हणून घरी गेले. त्याने पूर्ण वाचलं आणि विचारलं, "याच्यावर औषध आहे ना?" आहे, म्हटलं. "मग झालं तर."

आधीच्या ब्लॉकवरही एबर करून पाहिलं होतं. मृत भागाच्या मधोमध, एका रक्तवाहिनीभोवती मूठभर पेशींमध्ये खूण उमटली होती. म्हणजे रोग सप्टेंबरमध्येही त्या तुकड्यात होता. हे वाचून वहिनीला फार राग आला आणि तो मला समजतो. पण मी ती स्लाइड पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून पाहिली. त्यांनी सुईने दाखवेपर्यंत साध्या रंगातल्या त्या पेशी मला भोवतालच्या पेशींपासून वेगळ्या करता आल्या नाहीत, आणि त्या म्हणाल्या की शंका नसती तर त्यांनीही पुढची चाचणी लावली नसती.

पुढचं भराभर झालं. पेट-सीटी या शरीरभराच्या स्कॅनने रोग नाक आणि लगतच्या भागापुरता आहे हे कळलं. त्यासाठी उपाशीपोटी जावं लागतं आणि मधुमेह असेल तर आधी सांगावं लागतं. कमरेच्या हाडातून बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, काढला, त्यावरही एबर केलं. रक्तातल्या एबस्टाइन-बार विषाणूच्या डीएनएचं प्रमाण मोजलं. हा आकडा उपचारांच्या आधी मोजून घेतलाच पाहिजे, कारण नंतर आजार किती हटला हे त्याच्याशी तुलना करून बघतात. रेडिएशनआधी दातांच्या डॉक्टरांची तपासणी हवी असते. ती आम्ही पेटची तारीख मिळेपर्यंत उरकून घेतली.

नुसतं लिम्फोमा एवढं कळून का भागत नाही, ते रक्तविकारतज्ज्ञांनी सांगितलं. इतर अनेक लिम्फोमांवर वापरली जाणारी 'चॉप' ही औषधयोजना या आजारात तोकडी पडते, कारण या पेशींवरचं एक प्रथिन त्यातली काही औषधं बाहेर फेकतं. इथे ॲस्परॅजिनेज हे औषध असलेली किमोथेरपी आणि नाकाच्या भागावर रेडिएशन लागतं. ज्यांच्या रिपोर्टवर फक्त 'टी-सेल लिम्फोमा' लिहिलं आहे आणि रोग नाकात आहे, त्यांनी किमो सुरू होण्याआधी एवढंच विचारावं: सीडी५६ आणि एबर झालं का?

दादाचं पहिलं सलाइन डिसेंबर संपता संपता लागलं, रेडिएशन वसंतात झालं. तोंडातल्या फोडांनी त्याला हैराण केलं, वजन आणखी उतरलं, एकदा ॲस्परॅजिनेजमुळे रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन कमी झाल्याने डोस पुढे ढकलावा लागला. जूनमधल्या पेट-सीटीत सक्रिय रोग दिसला नाही आणि विषाणूचा डीएनए मोजण्याइतका उरला नाही. पहिली काही वर्षं जास्त लक्ष ठेवावं लागेल असं डॉक्टर म्हणाले आहेत. दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी आणि रक्ताचा तो आकडा. नाकात अजून खपल्या धरतात, त्यासाठी दिवसातून दोनदा मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं चालू आहे. पुढची तारीख सप्टेंबरची आहे. ब्लॉक लॅबमध्ये परत जमा केले असून त्यांची पावती फाइलच्या आतल्या कप्प्यात आहे.